विश्वास कोणाच्या खिशातून?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गाडीत पेट्रोल भरायचं तर आधी पैसे मोजावे लागतात. पंपाला कार्ड लावा, नाहीतर आत जाऊन काउंटरवर रोख ठेवा. तोवर नोझल कितीही दाबली तरी थेंब येत नाही. रोखीने भरणाऱ्याची यात चांगली पायपीट होते. टाकीत किती मावेल याचा अंदाज बांधायचा, चाळीस डॉलर आत ठेवायचे, बाहेर येऊन भरायला लागायचं. छत्तिसातच टाकी भरली की उरलेल्या चार डॉलरसाठी पुन्हा आत. थंडीच्या दिवसांत हे सगळं हातमोजे काढत-घालत. शिवाय म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीवरची माणसं, मागच्या सीटवर झोपलेलं मूल सोडून जाता येत नाही अशा आया. ब्रिटनमध्ये मात्र आजही बहुतेक ठिकाणी उलटी रीत आहे. आधी भरा, मग सावकाश आत जाऊन पैसे द्या.

आधी पैसे मागणारा नियम जिथे येतो, तिथे गिऱ्हाईक पायपिटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने दुखावतं. तीस वर्षं याच पंपावर येतोय, एकदाही पैसे बुडवले नाहीत, आणि आता मला चोराच्या रांगेत उभं करता? ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा राग चमत्कारिक वाटेल. पण तो पोकळ नाही. जुना प्रश्न त्यात आहे. माणसाला आधी प्रामाणिक धरून चालायचं की आधी संशयित? आणि ज्याची परीक्षाच होत नाही त्या प्रामाणिकपणाला काय अर्थ उरतो?

उत्तर शोधताना सहसा दोनच माणसं डोळ्यांसमोर येतात, घेणारा आणि देणारा. पंपावर तिसरा माणूस असतो.

८ मार्च २००५ च्या रात्री व्हँकुव्हरजवळच्या मेपल रिज गावातल्या एका पंपावर ग्रँट डी पॅटी हा चोवीस वर्षांचा तरुण रात्रपाळीला एकटा होता. एका गाडीने बारा डॉलर तीस सेंटचं पेट्रोल भरलं आणि पैसे न देता निघाली. ग्रँट तिला अडवायला गेला, गाडीखाली सापडला आणि सुमारे सात किलोमीटर फरफटत गेला. गाडी चोरीची होती, चालवणारा सोळा वर्षांचा. ग्रँटचे आई-वडील गप्प बसले नाहीत. त्यांच्या पाठपुराव्यातून नियम आले, ज्यांना लोक ‘ग्रँटचा कायदा’ म्हणतात. फेब्रुवारी २००८ पासून त्या प्रांतात दिवस असो की रात्र, पैसे घेतल्याशिवाय पेट्रोल सोडायचं नाही असं ठरलं. असा नियम करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत. पेट्रोल भरून पळण्याचा प्रकार तिथे जवळजवळ संपला. अल्बर्टा प्रांताला तेच करायला १ जून २०१८ उजाडला, तेही पंपांवरची आणखी काही माणसं जिवाला मुकल्यावर.

मधल्या काळात, १५ सप्टेंबर २०१२ रोजी टोरोंटोत पंपावर काम करणारा जयेश प्रजापती असाच गेला. भारतातून तिकडे गेलेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, घरी पत्नी आणि शाळकरी मुलगा. रक्कम एकशे बारा डॉलर. गाडी चालवणाऱ्याला पुढे २०१५ साली खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. ओंटारियो प्रांताच्या विधिमंडळात जयेशच्या नावाने विधेयक मांडलं गेलं. पैसे आधी घ्यावेत, आणि चोरीला गेलेल्या पेट्रोलची भरपाई पगारातून करणाऱ्या मालकांना शिक्षा व्हावी, असा त्याचा रोख होता. ते कायदा झालं नाही.

या विधेयकातला दुसरा भाग नीट पाहण्यासारखा आहे. अनेकांच्या हाताखालून जाणारा माल चोरीला गेला तर तो एका कामगाराच्या पगारातून कापता येत नाही, हे ओंटारियोच्या कायद्यात आधीपासून आहे. तरीही तासावर राबणारा, देशात नवा, कागदपत्रांच्या काळजीत असलेला माणूस कायद्याचं कलम आठवत उभा राहत नाही. गल्ला कमी भरला तर उद्या साहेब काय म्हणेल, पुढच्या आठवड्यात पाळ्या मिळतील की नाही, हे त्याच्या डोक्यात असतं. गाडी पळते तेव्हा तो धावतो. मालकाने धावू नकोस असं लिहून दिलेलं असलं तरी धावतो.

आता गिऱ्हाइकाच्या रागाकडे परत येऊ. ‘आधी भरा, मग द्या’ हा विश्वास नक्की कोणी ठेवला होता? उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकात स्वतःच पेट्रोल भरून घेण्याचे पंप झपाट्याने वाढले. नोझल धरणारी माणसं कमी झाली, मजुरी वाचली. न्यू जर्सीत मात्र १९४९ च्या कायद्यामुळे आजही गिऱ्हाइकाने स्वतः भरायला बंदी आहे आणि ऑरेगनने अशीच जुनी बंदी २०२३ साली उठवली. बाकी बहुतेक ठिकाणी काउंटरमागे एक माणूस उरला. भरून झाल्यावर पैसे द्यायला आत आलेलं गिऱ्हाईक जाता जाता कॉफी घेतं, चॉकलेट उचलतं. पेट्रोलपेक्षा त्यावर चार पैसे जास्त सुटतात. म्हणून पुष्कळ पंपचालकांना आधी पैसे घेण्याची सक्ती नको होती. त्या ‘विश्वासा’त सौजन्य नव्हतंच असं नाही, पण हिशेबही होता. विश्वास ठेवला धंद्याने, फायदा झाला धंद्याला आणि गिऱ्हाइकाला. तो विश्वास मोडला की किंमत मोजायला बाहेर धावला काउंटरमागचा पोरगा.

थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये हीच गाठ पकडली होती. दोघांनी करार केला आणि एकाने आपला वाटा आधी उचलायचा असेल, तर दुसरा नंतर शब्द पाळेल याची त्याला काय हमी? वर दोघांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर आधी देणारा स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवतो, असं त्याचं म्हणणं. सत्ता असेल तर प्रश्न मिटतो. मात्र रात्री उशिरा, गावाबाहेरच्या पंपावर, बारा डॉलरसाठी ही सत्ता कुठे असते? पोलीस येतील ते सकाळी, नोंद करायला. हॉब्जच्या हिशेबाने पाहिलं तर ग्रँटने त्या क्षणी राज्यसत्तेचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं, तासाच्या मजुरीत.

इंग्लंडच्या न्यायालयात या व्यवहाराने वेगळीच गंमत केली. एका मोटारवाल्याने पंपावरच्या माणसाकडून पेट्रोल भरून घेतलं, थोडं ऑइलही घातलं आणि पैसे न देता गाडी हाकली. चोरीचा खटला झाला. ‘एडवर्ड्स विरुद्ध दिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७६ च्या निकालात न्यायालय म्हणालं, ही चोरी नव्हे. पेट्रोल टाकीत पडलं, आधीच्या पेट्रोलमध्ये मिसळलं, त्या क्षणी ते त्याच्या मालकीचं झालं. स्वतःचीच वस्तू घेऊन जाणारा चोर कसा? देणं बाकी राहिलं, एवढंच. सामान्य माणसाच्या कपाळावर आठी आणणारा हा निकाल कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होता, आणि पार्लमेंटला १९७८ साली ‘पैसे न देता निघून जाणं’ हा स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा लागला.

जैन परंपरेचा वाचक इथे थबकेल. अचौर्य व्रतात चोरीची व्याख्याच अदत्तादान अशी आहे, म्हणजे न दिलेलं घेणं. या कसोटीवर पंपावरचं पेट्रोल दिलेलं की न दिलेलं? काउंटरमागच्या माणसाने बटण दाबून पंप सुरू केला, म्हणजे दिलं. पण ज्या भरवशावर दिलं तो भरवसा घेणाऱ्याने मनातून आधीच काढून टाकलेला असेल, तर दिलेलं असूनही ते न दिलेलंच. वाईट हेतूशिवाय दोष लागत नाही, हे तिथलंही सूत्र आणि इंग्रजी न्यायाधीशांचंही. अडचण अशी की हेतू दिसत नाही. पैसे बुडवायचेच म्हणून आलेला आणि टाकी भरल्यावर खिडकीतली रांग पाहून मोह झालेला, दोघं सारख्याच वेगाने बाहेर पडतात. पाकीट घरी विसरलेला तिसरा तर घामाघूम होऊन काउंटरवर उभा असतो. त्याच्यासाठी ब्रिटनमधल्या पंपांवर छापील फॉर्म असतो. नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहायचा, सही करायची, ठरलेल्या मुदतीत पैसे आणून द्यायचे.

विसरणाऱ्या माणसाची काळजी सर्वांत बारकाईने केली आहे ती तालमूदमध्ये. ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या या ग्रंथात, ‘बाबा मेत्सिया’ या भागात, साक्षीदाराशिवाय कर्ज देणाऱ्याला दोषी ठरवलं आहे. घेणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला! कारण आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये अशी तोराहची आज्ञा आहे, आणि नोंद न करता पैसे देणं म्हणजे समोरच्याच्या वाटेत ‘घेतलेच नाहीत’ म्हणण्याचा मोह ठेवणं. पुढे एक किस्सा येतो. रविना नावाचा पंडित शास्त्रातला शब्द न् शब्द पाळतो, असं लोक रव आशी या थोर गुरूला सांगतात. परीक्षा घ्यावी म्हणून रव आशी शुक्रवारी तिन्हीसांजेला, शब्बाथ तोंडावर आलेला असताना, त्याला निरोप धाडतो की जमिनीचा एक तुकडा मिळतोय, दहा नाणी पाठवून द्या. रविनाचं उत्तर येतं की साक्षीदार आणा, कागद करू. मलासुद्धा? असा उलट निरोप. रविना कळवतो की तुम्हाला तर आधी. तुम्ही अभ्यासात बुडालेले. विसरलात तर शिव्याशाप माझ्या वाट्याला यायचे.

या किश्शात कोणाचाही अपमान होत नाही, ही त्याची खुबी. रव आशी चोर आहे असं रविनाला क्षणभरही वाटत नाही. कागद हवा तो माणूस वाईट म्हणून नव्हे, माणूस माणूस आहे म्हणून. कुराणातली सर्वांत लांब आयत, दुसऱ्या सूऱ्यातली २८२ वी, हीदेखील याच विषयावर आहे. मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, साक्षीदार घ्या. हातोहात होणाऱ्या व्यवहाराला लिहिण्यातून सूट आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत, प्रवासात लेखनिक मिळाला नाही तर तारण घ्या, पण एकमेकांवर विश्वास टाकलात तर ज्याच्यावर टाकला त्याने तो निभवावा, असं सांगितलं आहे. म्हणजे विश्वासाला जागा ठेवली आहे, पण व्यवस्था सांगून झाल्यावर. आधी पैसे घेणारा पंप मुदतीच्या देण्याचा हातोहात व्यवहार करून टाकतो. लिहायला काही उरतच नाही.

यावरचा आक्षेप प्लेटोइतका जुना आहे. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन गायगीझच्या अंगठीची कथा सांगतो. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो, आणि अदृश्य झाल्यावर कोण न्यायाने वागेल, असा त्याचा सवाल. रात्रीचा पंप म्हणजे थोडीशी अंगठीच. ती काढून घेतली तर खरा प्रामाणिक कोण आणि धाकाने सरळ वागणारा कोण, हे कळायचं कसं? कांटच्या दृष्टीनेही कर्तव्य म्हणून पैसे देणं आणि दुसरा इलाज नाही म्हणून देणं, यांत नैतिक मोल फक्त पहिल्याला. प्रीपेड पंपावर साधू आणि भामटा अगदी एकसारखे वागतात.

आक्षेप खरा आहे, पण त्याचं बिल चुकीच्या पत्त्यावर जातं. स्वतःच्या सचोटीचा सराव करायला दुसऱ्याचा जीव पणाला लावू नये, एवढं तर ग्लॉकॉनलाही मान्य व्हावं. ख्रिस्ती माणूस तर रोजच्या प्रार्थनेत मोहापासून दूर ठेव असंच मागतो. परीक्षा घे, मी पास होऊन दाखवतो, असं म्हणत नाही. शिवाय त्या परीक्षेला सगळे सारखे बसत होते, ही समजूतही खोटी आहे. नियम नव्हता तेव्हा पंप सुरू करायचा की आधी पैसे मागायचे, हे काउंटरमागचा माणूस खिडकीतून बघून ठरवत असे. बघून म्हणजे गाडी बघून, कपडे बघून, कातडीचा रंग बघून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो परिसरात एका मोठ्या तेल कंपनीवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी दावा लावला. आमच्याकडून आधी पैसे मागतात आणि गोऱ्यांना खुशाल भरू देतात, ही त्यांची तक्रार होती. ‘तीस वर्षं माझ्यावर विश्वास होता’ असं अभिमानाने सांगणाऱ्याने मागच्या गाडीतल्या माणसावर तो कधी होता का, हेही विचारून पाहावं. सगळ्यांकडून आधी पैसे घेणाऱ्या नियमात कोरडेपणा आहे खरा, पण तो सर्वांना सारखाच कोरडा.

भारतात हे चित्र उलटं आहे. इथे पेट्रोल भरायला माणूस असतो, त्यामुळे संशय गिऱ्हाइकाच्या बाजूने वाहतो. ‘झिरो बघा साहेब’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय कोणी निर्धास्त होत नाही. शंभराऐवजी एकशे दहाचं टाका म्हणणारे कितीतरी. ठरावीक आकड्यांच्या बटणांत काहीतरी करून ठेवलेलं असतं अशी त्यांची पक्की समजूत. समजूत म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्राच्या आत फेरफार करून माप मारणारी टोळीच उघडी पडली. त्या पंपांवर नोझल धरून उभ्या असलेल्या पोराला लोकांच्या शिव्या आधीपासून पडत होत्या. यंत्राच्या पोटात काय बसवलंय, हे ठरवणारा तो नव्हता.

विश्वास टाकणं ही मोठी गोष्ट आहेच. तुकोबांचं उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. घराणं महाजनकीचं, लोकांकडे येणं असलेलं. दुष्काळाने माणसं नागवली गेल्यावर तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. या गोष्टीतला एक तपशील मात्र सांगताना गळून जातो. परंपरा सांगते की खतांचे आधी दोन वाटे झाले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि तुकोबांनी पाण्यात सोडला तो फक्त स्वतःचा. भावाच्या वाट्याचं औदार्य त्यांनी परस्पर केलं नाही. त्याच शतकात तिकडे हॉब्जने, सत्तेच्या धाकाशिवाय शब्दाला किंमत नाही असं लिहिलं. पण देहूतला हा वाटणीचा प्रसंग पंपाच्या प्रश्नाला हॉब्जपेक्षा जवळून भिडतो. मालकाने स्वतः काउंटरवर बसून, स्वतःच्या तोट्याची तयारी ठेवून गिऱ्हाइकाला आधी भरू दिलं, तर तो विश्वास. गावोगावी असे मालक होते. कंपनीचं धोरण म्हणून, रात्रपाळीच्या एकट्या नोकराच्या भरवशावर दिलेली मोकळीक ही त्या जातीची गोष्ट नव्हे.

आधी पैसे घेण्यानेही ओझं नाहीसं होत नाही, सरकतं. कार्डाने भरणाऱ्याच्या खात्यातली रक्कम पेट्रोल सुटण्याआधी अडवून ठेवली जाते. अमेरिकेत मोठ्या कार्ड कंपन्यांनी ही मर्यादा २०२२ साली एकशे पंचाहत्तर डॉलरपर्यंत नेली. वीस डॉलरचं पेट्रोल भरणाऱ्याचे तेवढे पैसे काही तास, कधी त्याहून जास्त, अडकून पडू शकतात. खात्यात हजारो असतील त्याला पत्ताही लागत नाही. महिनाअखेरीला दोनशे उरलेत त्याचा किराणा काउंटरवरच राहतो. म्हणजे आधी विश्वास ठेवण्याची पाळी आता गिऱ्हाइकावर, आणि त्यातही गरिबावर जास्त. हॉब्जची गाठ सुटली नाही. दोराचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात गेलं.

आणि ग्रँटच्या नावाच्या नियमांचा एक भाग इथे सांगायचा राहिला. त्यांची अर्धी बाजू पेट्रोलची होती. उरलेली अर्धी रात्री एकट्याने काम करणाऱ्या माणसाची. रात्रपाळीला दोन माणसं ठेवा, नाहीतर कामगार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये भक्कम अडसर उभारा, असं मालकांना सांगितलं होतं. खर्च परवडत नाही अशी दुकानदारांची तक्रार झाली, आणि २०१२ साली तिसरा पर्याय देण्यात आला. वेळेआधी न उघडणारी तिजोरी, कॅमेरे आणि अशाच काही उपायांची जोड असेल तर एकटा माणूस चालेल. ग्रँटच्या आई-वडिलांनी याला विरोध केला. पेट्रोल वाचवणारा अर्धा भाग मात्र पहिल्या दिवसापासून तसाच राहिला.